मालकीणबाईंचा पलंग

तंबू म्हटलं की मला सर्कस आठवते, आणि सर्कशीत मुक्काम करायची हौस मला कधीच नव्हती. निघायच्या आधी मी ताईला हे पुन्हापुन्हा सांगितलं. पण माझी ताई म्हणजे शहरातल्या मोठ्या हॉटेलातली हाउसकीपिंगची मुख्य. मजल्यामजल्यावरच्या पोरींना कामाला लावण्यात तिचं आयुष्य गेलंय, धाकट्या बहिणीचं ऐकून घ्यायची तिला सवयच नाही. "तू नुसती बरोबर चल," ती म्हणाली. "एकटी गेले तर भिंगरी मला गोड बोलून परत पाठवेल. दोघी असलो म्हणजे तिचं काही चालायचं नाही."

भिंगरी म्हणजे ताईची मुलगी, माझी एकुलती एक भाची. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून मीच ठेवलेलं नाव, ते चिकटलं ते चिकटलंच. वाळवंटातल्या एका सफारी कॅम्पवर ती आधी मदतनीस म्हणून गेली. यंदा हंगाम अर्ध्यावर असताना मॅनेजर सोडून गेला आणि अख्खा कॅम्प तिच्या गळ्यात पडला. तिला त्याचा आनंद होता आणि ताईला धसका. कारण नेमकी त्याच सुमारास ताईच्या हॉटेलात सुपरवायझरची एक जागा रिकामी झाली होती. ती आपल्या लेकीला मिळावी म्हणून ताईनं साहेबांच्या मागे भुणभुण लावली होती, आणि साहेबांनी सोमवारपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. सोमवारच्या आत पोरीला घेऊन परतायचं, एवढाच या सहलीचा हेतू. हरणं, सूर्यास्त वगैरे सगळं तोंडी लावायला.

डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे भिंगरी उघडी जीप घेऊन उभी होती. उन्हानं चांगली रापली होती, केस फडक्यात बांधलेले, बुटांचा रंग ओळखू येत नव्हता. आईच्या गळ्यात पडली, माझ्या पाठीत एक धपाटा घातला, सामान मागे टाकलं आणि खाली बसून चाकांतली हवा सोडायला लागली.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" मी ओरडले.

"मऊ टायर वाळूवर पसरतो, मावशी. टणक टायर रुततो."

आता, मी गाडी शिकवते. शिकाऊंच्या शेजारी बसायचं आणि आपल्या पायाशी असलेला जादा ब्रेक वेळेवर दाबायचा, हा माझा धंदा. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीत बसले तरी माझा उजवा पाय आपोआप खाली जातो. समोर वाळूची पहिली मोठी टेकडी आली तेव्हा भिंगरीनं वेग कमी करायचा सोडून वाढवला. मी पाय इतक्या जोरात दाबला की टाच दुखली.

"ब्रेक! अगं ब्रेक मार!"

"चढावर ब्रेक मारला की इथेच मुक्काम. स्टिअरिंग सैल, पाय स्थिर. बघ आता."

जीप माथ्यावर गेली. समोर नुसतं आभाळ दिसत होतं, रस्ता नाही, जमीन नाही. मग नाक खाली झालं आणि पलीकडच्या उतारावरून गाडी इतकी अलगद खाली आली की मांडीवरच्या पिशवीतली पाण्याची बाटलीसुद्धा हलली नाही. मी मनातल्या मनात पोरीला पैकीच्या पैकी मार्क दिले. तोंडानं मात्र, "आरशात बघत नाहीस तू," एवढंच म्हटलं. शिकाऊ माणसाचं तोंडावर कौतुक केलं की ते बिघडतं, असा माझा अनुभव आहे. ताई मागच्या सीटवर डोळे मिटून, दोन्ही हातांनी दांडी धरून बसली होती. तिनं यातलं काहीच पाहिलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं.

मग तो कॅम्प दिसला. टेकड्यांच्या पोटात, वाऱ्याकडे पाठ करून, ओळीनं उभे असलेले मातकट रंगाचे आठ तंबू आणि एका टोकाला स्वयंपाकाची मोठी राहुटी. एवढंच. ना कुंपण, ना फाटक, ना पाटी. मी गाडीतून उतरले आणि गप्प झाले. मी गप्प होणं ही काही साधी गोष्ट नाही, ताईनं लगेच विचारलं, "बरं नाही का वाटत?" मला फार बरं वाटत होतं. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. शहरात शांतता म्हणजे पंखा बंद झाल्यावरची. इथे वारा पडला की आपलाच श्वास ऐकू येत होता, आणि वाळूवर लांबवर हरणांचा एक कळप आमच्याकडे बघत उभा होता, जणू त्यांच्याकडेच पाहुणे आले होते. मी खुळ्यासारखा त्यांना हात केला.

आमचा तंबू आतून पाहिला आणि सर्कस डोक्यातून गेली ती गेलीच. दुहेरी कापडाच्या भिंती, मधल्या पोकळीतून गार वारा फिरत होता. एका कोपऱ्यात पितळी घंगाळ आणि तांब्या, शेजारी घडी केलेले पंचे. आरसा खांबाला टांगलेला. दोन लोखंडी पलंग, उंच पायांचे, आणि प्रत्येक पाय एका गुळगुळीत पत्र्याच्या डब्यात उभा केलेला. बुटांसाठी भिंतीवर खुंट्या होत्या, बूट तळवे वर करून टांगायचे. बॅगा ठेवायलाही उंच घडवंच्या. जमिनीवर सतरंजीशिवाय काहीही नव्हतं. मला ते सगळं इतकं नेटकं वाटलं, एखाद्या जहाजावरच्या खोलीसारखं.

ताईला अर्थातच तसं वाटलं नाही. तिनं आधी टेबलावरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली वाळू मला दाखवली. वाळवंटात वाळू सापडली म्हणून तक्रार करणारी ती एकटीच बाई असेल. मग ती पलंगाकडे वळली. चादर चारही बाजूंनी घट्ट ओढून गादीखाली खोचलेली, एक इंचही खाली लोंबत नव्हती. पलंगाचे काळे पाय आणि ते डबे उघडे पडले होते.

"आणि हे डबे कशाला?" तिनं लेकीला विचारलं.

"मुंग्या चढू नयेत म्हणून," भिंगरी म्हणाली.

"मग दिसतायत कशाला? झाकायचे. पलंगाचे पाय पाहुण्याला कधी दिसता कामा नयेत, हे तुला शाळेत असल्यापासून माहीत आहे."

ताई कुठेही गेली तरी स्वतःचा पलंगपोस घेऊन जाते. चादरींचं काय काय होतं ते आयुष्यभर पाहिल्यामुळे दुसऱ्याच्या चादरीवर तिला झोप लागत नाही. तिनं बॅगेतून तो पांढराशुभ्र, जड, काठाला झालर असलेला पलंगपोस काढला आणि पलंगावर असा उडवला की तो चारही बाजूंनी जमिनीपर्यंत उतरला. डबे दिसेनासे झाले. खरं सांगते, पलंगाला एकदम रूप आलं. भिंगरी मात्र पुढे झाली आणि तिनं सगळी झालर वर उचलून गादीखाली खोचून टाकली.

"वाळू लागते गं खाली," ती म्हणाली. "इथे जमिनीला काही टेकवायचं नाही, आई. आमची पद्धतच आहे."

"पद्धत!" ताई माझ्याकडे बघून म्हणाली. "वसतिगृहाची पद्धत."

संध्याकाळी तंबूंच्या मधल्या मोकळ्या जागेत जेवायला बसलो. बाकीचे पाहुणे पलीकडच्या टेबलावर होते. आचारी उंचापुरा, मिशाळ माणूस, जेमतेम बोलणारा, पण त्याच्या हातचं सूप पिऊन मी त्याचे सगळे गुन्हे माफ केले असते. जेवण चालू असताना भिंगरी दोनदा उठून तंबूंकडे गेली. "अंथरुणं झटकून येते," म्हणाली. माझ्या मनात आलं, किती झटकते ही पोर.

ती परत येऊन बसली तेव्हा ताईनं विषय काढला. हॉटेलची जागा, पगार, राहायला घर, सोमवार. भिंगरीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. लहानपणी असं ऐकून घेतलं असतं तर आमचे केस एवढे पांढरे झाले नसते.

"आई, उद्या संध्याकाळी मालकीणबाई येतायत," ती म्हणाली. "पुढच्या हंगामात कॅम्प माझ्याकडे ठेवायचा की बाहेरून कोणी जुना माणूस आणायचा, ते त्या ठरवणार आहेत. एक रात्र राहतील, सगळं बघतील. त्यांनी मला नको म्हटलं तर मी तुमच्याबरोबर येते. सोमवारी हॉटेलात हजर होते. कुरकुर करणार नाही."

"आणि हो म्हटलं तर?"

"तर तू मला पुन्हा न्यायला यायचं नाहीस. राहायला ये. न्यायला नाही."

ताईनं बराच वेळ भातात चमचा फिरवला. मग म्हणाली, "ठीक आहे." तिचं ठीक आहे म्हणजे काय असतं ते मी जाणते. मनात तिनं बॅग भरायला घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीनं आम्हाला फिरवलं. त्या सकाळीबद्दल मी कितीही बोलले तरी कमीच. ऊन वर येण्याआधी वाळू गुलाबी असते हे मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. एका झुडपाजवळ जीप उभी करून तिनं आम्हाला कोल्हीचं बीळ दाखवलं. आम्ही श्वास रोखून बसलो. थोड्या वेळानं दोन कान बाहेर आले, अंगाच्या मानानं कितीतरी मोठे, आणि मागोमाग दोन पिल्लं बाहेर येऊन एकमेकांच्या शेपट्या ओढायला लागली. ताईसुद्धा विरघळली. "अगं बाई, किती गोड," असं चक्क म्हणाली, आणि लेकीच्या दंडाला धरून पुढे वाकून बघत राहिली. भिंगरी पिल्लांकडे बघत नव्हती. ती आईकडे बघत होती.

परत येताना आमच्या मागून येणाऱ्या दुसऱ्या जीपमधल्या पाहुण्यांपैकी एका आजोबांना उन्हाचा त्रास झाला. भिंगरीनं ती गाडी सावलीला घ्यायला लावली, त्यांच्या मानेवर ओला पंचा ठेवला, घोटघोट पाणी पाजलं आणि सोबत असा काही विनोद सांगितला की आजोबा हसून खोकायला लागले. कॅम्पवर पोहोचेपर्यंत ते ठणठणीत. मी ताईला कोपरानं ढोसलं. "पाहिलंस?" ती म्हणाली, "पाहिलं. माझ्या हॉटेलात अशी एक मुलगी असती तर!" घ्या. कौतुकसुद्धा हॉटेलकडेच वळवलं.

दुपारनंतर सगळे पाहुणे भिंगरीबरोबर टेकडीवर सूर्यास्त बघायला निघाले. ताईनं गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. ताईचा गुडघा तिला हवा तेव्हा दुखतो. मी सोबत थांबले. जीप दिसेनाशा झाल्याबरोबर ती उठली, आपला पलंगपोस उचलला आणि थेट मालकीणबाईंसाठी तयार ठेवलेल्या शेवटच्या तंबूत शिरली.

"ताई, काय चाललंय?"

"तू ते टोक धर."

"पण भिंगरीनं सांगितलंय ना, जमिनीला टेकवायचं नाही म्हणून?"

"एका संध्याकाळीत किती वाळू लागणार आहे? पलंगाचे डबे पाहून मालकीण काय म्हणेल, सांग मला. एवढ्या मोठ्या हाउसकीपरची मुलगी, आणि पलंग असा!"

"अगं, पण मालकीण नको म्हणाली तर तुझंच बरं आहे की. पोरगी घरी येते."

ताई माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते, हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं.

"मला ती घरी हवी आहे," ती म्हणाली. "पण स्वतःच्या पायांनी आलेली. कोणी नालायक म्हणून हाकललेली माझी मुलगी मला घरी नकोय. कळलं? धर ते टोक."

मी टोक धरलं. आणि मग तिचे हात चालू झाले. मी तिला घरी स्वयंपाक करताना पाहिलंय, भांडताना पाहिलंय, पण इतक्या वर्षांत तिचं खरं काम कधी पाहिलं नव्हतं. तिनं जुनी चादर काढली, पुन्हा घातली, तळहातानं एकदाच सपाट केली आणि त्यावर एक सुरकुती उरली नाही. उशा दोन्ही हातांनी अशा बसवल्या की त्यांचे कोपरे आपोआप उभे राहिले. पलंगपोस उडवला तो हवेत पूर्ण पसरला आणि बरोबर मध्यावर उतरला. मग गुडघ्यांवर बसून, त्याच दुखऱ्या गुडघ्यांवर, तिनं झालरीच्या चुण्या एकेक करून जमिनीपर्यंत सोडल्या. कोपऱ्यावर तिची ती खास दुहेरी घडी. तिच्या हाताखालच्या पोरी या घडीला भिऊन असतात म्हणे, कारण दुसऱ्या कोणालाच ती जमत नाही. काम संपल्यावर ती मागे सरकून उभी राहिली. तो पलंग इतका सुंदर दिसत होता की मला माझ्या बहिणीचा अभिमान वाटला, आणि मी तो बोलूनही दाखवला. तिनं नुसतं नाक उडवलं, पण खूश झाली होती.

मालकीणबाई आल्या त्या पाहुण्यांच्या जीपबरोबरच, दिवेलागणीला. ठेंगण्या, करारी, पांढऱ्या आखूड केसांच्या. दिवसभराच्या प्रवासानं पाठ धरली होती, ते चालीवरून कळत होतं. भिंगरी बाकीच्यांना उतरवून घेत होती तोवर त्यांनी आचाऱ्याला नमस्कार केला, आम्हा दोघींकडे बघून मान हलवली आणि म्हणाल्या, "जेवणाआधी जरा आडवी होते." आणि तंबूकडे निघाल्या.

ताईनं माझा हात दाबला. तिला मालकीणबाईंचा चेहरा बघायचा होता. आम्ही दोघी काही तरी निमित्त काढून मागोमाग गेलो.

तेवढ्यात भिंगरी धावत आली. खरोखरच धावत, फडकं सुटलेलं, आणि मालकीणबाईंच्या पुढे होऊन तंबूच्या दारात आडवी उभी राहिली.

"बाई, थांबा. अजून माझी फेरी झाली नाही."

"अगं, दहा मिनिटं पाठ टेकते फक्त. जा तू, पाहुण्यांचं बघ."

"नाही बाई. मी बघितल्याशिवाय कोणी अंथरुणात जायचं नाही."

"माझाच कॅम्प आहे हा," मालकीणबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण चांगला टोचत होता. "मला दारात उभं करणार आहेस?"

"हो," भिंगरी म्हणाली. ती जागची हलली नाही. "दोन मिनिटं."

ताई माझ्या कानाशी पुटपुटली, "गेली. संपलं हिचं." मलाही तसंच वाटलं. ज्या बाईच्या हातात आपलं पुढचं सगळं आहे तिला कोणी दारात अडवतं का?

भिंगरीनं कमरेची टॉर्च काढली. तिचा उजेड पांढरा नव्हता, जांभळा होता. ती आत गेली, आम्ही दारातून पाहत होतो. सतरंजीवरून उजेड फिरला, खुंट्यांवरून फिरला, मग पलंगावर आला आणि थांबला. पांढऱ्या झालरीवर, जमिनीपासून बरंच वर, ताईनं घातलेल्या चुण्यांमधून, हिरव्या उजेडाचं काही तरी सावकाश चढत होतं. नांग्या स्पष्ट दिसल्या. वर वळलेली शेपटी दिसली.

विंचू.

ताईनं माझा दंड घट्ट धरला. माझा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला.

भिंगरीनं खुंटीमागून लांब चिमटा काढला, रुंद तोंडाची बरणी काढली, आणि एकदाही न दचकता तो प्राणी उचलून आत टाकला, झाकण लावलं. झुरळ दिसलं तर टेबलावर चढून किंचाळणारी ती आमचीच पोर. मग तिनं उशा उचलून पाहिल्या, गादी उचलून पाहिली, सगळीकडे पुन्हा जांभळा उजेड फिरवला. तेव्हा कुठे मला ती टॉर्च कळली, त्या उजेडात विंचू हिरवा चमकतो; आणि ते डबे कळले. गुळगुळीत पत्र्यावरून त्याला चढता येत नाही. वर खोचलेल्या चादरी कळल्या, उलटे टांगलेले बूट कळले, जेवताना दोनदा उठून अंथरुणं झटकणं कळलं. आम्ही त्याला चांगला झालरीचा जिना लावून दिला होता.

मालकीणबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी विचारलं, "पलंग कोणी केला हा?"

भिंगरीनं त्या कोपऱ्यावरच्या दुहेरी घडीकडे पाहिलं. अशाच घडीच्या अंथरुणात ती लहानाची मोठी झाली होती. तिनं आमच्याकडे नजरसुद्धा वळवली नाही.

"कॅम्पवरच्या सगळ्या पलंगांची जबाबदारी माझी आहे, बाई," ती म्हणाली.

"ते मला माहीत आहे. मी विचारलं, केला कोणी?"

"मी."

आता बघा. ताईनं फक्त गप्प बसायचं होतं. एक शब्द बोलायचा नव्हता, बोट हलवायचं नव्हतं. पोरगी स्वतःच्या तोंडानं कबूल झाली होती, मालकीणबाईंनी नको म्हटलं असतं, सोमवारी माझी भाची हॉटेलात हजर झाली असती आणि ताईच्या मनासारखं झालं असतं. मी ताईकडे पाहिलं. तिलाही ते कळलं होतं. तिच्या चेहऱ्यावर मला ते लख्ख दिसलं, आणि मला तिची भीती वाटली.

"खोटं बोलतेय ती," ताई म्हणाली.

मालकीणबाई वळल्या.

"माझं काम आहे ते. असा कोपरा तिला या जन्मात जमायचा नाही, कितीदा शिकवला तरी," ताई एका दमात बोलत गेली. "मी हॉटेलात हाउसकीपिंग बघते. मला वाटलं तुमच्यासमोर तिची लाज राहावी. तिनं मला जमिनीला टेकवू नको म्हणून सांगितलं होतं. मी तिचं ऐकलं नाही. मी कोणाचंच ऐकत नाही, हिला विचारा."

"खरं आहे," मी म्हटलं. "आणि दुसरं टोक मी धरलं होतं."

"पण तू मला विंचवाचं का नाही सांगितलंस गं?" ताई लेकीकडे वळली. आता मात्र ती रडायला लागली होती. "मुंग्या म्हणालीस!"

"पाहुण्यांना आम्ही ते नाव सांगत नाही, घाबरतात," भिंगरी म्हणाली. मग तिनं बरणी खाली ठेवायला जागा शोधली आणि घडवंचीवर ठेवली. "आणि तुला सांगितलं असतं तर तू त्याच संध्याकाळी मला घेऊन निघाली असतीस."

"निघालेच असते."

"म्हणून."

मालकीणबाई बाहेरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या, पाठीला हात लावून. "दारात अडवलं तेव्हा मला हिचा चांगलाच राग आला होता," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "आधीच्या मॅनेजरनं मला कधी अडवलं नसतं. 'या बाई, झोपा बाई' म्हणाला असता आणि मी झोपले असते." त्यांनी झालरीकडे पाहिलं आणि त्यांच्या अंगावर शहारा आला. "मला बाहेरून कोणी आणायचं नाही. पुढचा हंगाम हिच्याकडेच. आता कोणी तरी मला झोपायजोगं अंथरूण करून द्या."

मला नाचावंसं वाटलं. भिंगरीला कुशीत घ्यावंसं वाटलं. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती, अगदी सकाळी बघत होती तशी. ताईनं पदरानं डोळे पुसले, नाक ओढलं आणि पलंगाजवळ गेली. स्वतःच्या हातांनी तिनं तो पलंगपोस ओढून काढला, घडी करून माझ्या हातात कोंबला. मग चादरीचं टोक उचललं आणि थांबली.

"कसं करायचं ते सांग," ती लेकीला म्हणाली.

"आई, राहू दे, मी करते."

"सांग म्हटलं ना."

"घट्ट ओढ. अजून. आता आत खोच, पूर्ण हात आत घालून. नाही, कोपरा असा नको, तो सुटतो. असा."

"असा?"

"अजून वर."

ताईनं अजून वर घेतलं. दोघी पलंगाच्या दोन बाजूंना वाकलेल्या, आणि दर खोचणीला ताई विचारत होती, असा? भिंगरीनं शेवटी सगळीकडून जांभळा उजेड फिरवला, डब्यांतून, पायांवरून, चादरीच्या काठावरून.

"झालं का?" बाहेरून मालकीणबाईंनी विचारलं. "येऊ मी आत?"

उत्तर द्यायला ताईनं तोंड उघडलं. मग ते मिटलं, आणि लेकीकडे पाहत ती उत्तराची वाट बघत उभी राहिली.